लक्ष्मणराव किर्लोस्कर : सायकलच्या दुकानापासून नांगराच्या कारखान्यापर्यंत



स्मरणिकेच्या पानांवर विद्वानांची, देशभक्तांची आणि समाजसुधारकांची चरित्रे आपण नेहमी वाचतो. ती वाचलीच पाहिजेत. यंदा मात्र मी तुमच्यापुढे एका दुकानदाराचे चरित्र ठेवणार आहे. हा दुकानदार बेळगावसारख्या गावात भावाच्या सोबतीने सायकली विकत असे. पुढे त्याने एवढा मोठा कारखाना काढला की त्याच्या आडनावाने एक गाव वसले आणि रेल्वेच्या स्टेशनालाही तेच नाव मिळाले. त्याचे नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. किर्लोस्कर हे नाव तुम्ही पंपावर, इंजिनावर वाचले असेल. शेतकरी घरातील मुलांनी तर ते अक्षरओळख झाल्याबरोबर वाचले असेल. परंतु त्या नावामागचा माणूस फार थोड्यांना ठाऊक असतो, आणि ज्यांना ठाऊक असतो त्यांना तो मोठा कारखानदार म्हणूनच ठाऊक असतो. मी त्याच्याकडे घरातला माणूस म्हणून पाहणार आहे. कारण माझ्या मते त्याचा कारखाना त्याच्या घरातूनच उभा राहिला.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे आणि याच घराण्यातले. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्यापुराणांचे, पाठांतराचे वातावरण. अशा घरातील मुलाने चार बुके शिकून सरकारी नोकरी धरावी किंवा वडिलांच्या वाटेने विद्वान व्हावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविकच होते. लक्ष्मणचे मात्र शाळेत मन रमत नसे. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता, एक चित्रे काढणे आणि दुसरा यंत्रांशी खटपट करणे. हे दोन्ही नाद त्या काळच्या प्रतिष्ठित घरात वाया गेल्याचे लक्षण समजले जात. सुताराने, लोहाराने, चिताऱ्याने करावयाची कामे भल्या घरच्या मुलाने कशाला करावीत, हा तेव्हाचा प्रश्न. वाचकहो, तो प्रश्न अजून पुरता मेलेला नाही. आपल्या समाजात हातात हुन्नर असलेल्या माणसांची कमी नाही. शिकलगार आहेत, पिंजारी आहेत, विणकर आहेत, गॅरेजमधले मिस्त्री आहेत. पण मिस्त्रीचा मुलगा जरा शिकला की बापाच्या हाताला लागलेले ऑइल त्याला लाजिरवाणे वाटू लागते, हे मी वर्गात रोज पाहतो.

वडिलांचा विरोध होता. तरीही १८८५ साली, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मण मुंबईला गेला आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. हे शक्य झाले ते थोरल्या भावामुळे. रामचंद्रराव, म्हणजेच रामूअण्णा, यांनी धाकट्या भावाची बाजू घेतली आणि त्याच्या शिक्षणाला पैशाची मदत केली. चरित्रकार सहसा ही गोष्ट एका वाक्यात सांगून पुढे जातात. मला येथे थोडे थांबावेसे वाटते. बाप नाराज आहे, मुलगा शाळेत चमकलेला नाही, जी विद्या शिकायची म्हणतो तिच्यातून पोट भरेल याची खात्री नाही, अशा वेळी थोरल्या भावाने खिशात हात घालणे ही साधी बाब नव्हे. रामूअण्णा त्या दिवशी वडिलांच्या सुरात सूर मिसळून गप्प बसते, तर पुढचे काहीच झाले नसते.

जे. जे. स्कूलमध्ये दोन वर्षे बरी गेली. रेखाटनात लक्ष्मणरावांचा हात चांगला होता. रंगकाम सुरू झाले आणि पंचाईत झाली. त्यांना काही रंगांमधला भेदच नीट कळत नाही, हे उघडकीस आले. याला रंगांधत्व म्हणतात. हा दोष जन्मजात असतो, तो बहुतेक आईकडून मुलाकडे येतो, मुलींपेक्षा मुलांमध्ये पुष्कळ अधिक आढळतो आणि औषधाने बरा होत नाही. दृष्टी इतर बाबतीत तीक्ष्ण असते, म्हणून घरच्यांना पत्ताही लागत नाही. (जाता जाता शिक्षकबंधूंना एक विनंती. पान तपकिरी आणि माती हिरवी रंगवणाऱ्या मुलाला छडी मारण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यावेत. दर शाळेत अशी दोनचार मुले निघतात.) ज्याने घरदार सोडून चित्रकार व्हायचे ठरवले, त्याला वयाच्या अठराव्या वर्षी कळावे की आपल्याला रंगच दिसत नाहीत, ही थट्टा क्रूरच म्हटली पाहिजे. गावी परत जावे तर वडील म्हणणारच की आम्ही आधीच बजावले होते.

ते परत गेले नाहीत. रंगकाम सोडले, पण यांत्रिक रेखाटन चालू ठेवले. तेथे रंगांची गरज नसते. तेथे रेषा सरळ हवी, माप बिनचूक हवे आणि न बनलेली वस्तू डोळ्यांपुढे उभी करता आली पाहिजे. या विद्येच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटनाच्या शिक्षकाची नोकरी मिळाली. १८८७ साली निघालेली ही संस्था आज वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाते. पगारापेक्षा त्यांना तेथील कार्यशाळेचा मोह अधिक होता. फावल्या वेळात ते लेथ चालवीत, वाफेचे इंजिन उघडून पाहत आणि इंग्रजी पुस्तके पुढे ठेवून प्रत्येक भागाचे काम समजावून घेत. पदवी नव्हती, मोठ्या परीक्षेचा दाखला नव्हता. जे शिकले ते यंत्राला हात लावून शिकले.

पुढे बढतीची वेळ आली. हक्क लक्ष्मणरावांचा होता, पण जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. त्या काळी असे सर्रास चाले. पुष्कळांनी अपमान गिळून पेन्शनपर्यंत नोकरी केली असती, कारण महिन्याचा पगार कोणाला सोडवतो? लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

बेळगावात रामूअण्णा होतेच, आणि दोघा भावांचे सायकलचे दुकानही होते. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ सालापासून मोजतात तो या सायकलींपासून. मुंबईतून लक्ष्मणरावांनी सायकली खरेदी करून पाठवायच्या आणि बेळगावात रामूअण्णांनी त्या विकायच्या, अशी व्यवस्था होती. सायकल ही तेव्हा श्रीमंतांची चैन होती. नुसती विकून भागत नसे, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवावे लागे, आणि त्या शिकवणीचे पंधरा रुपये वेगळे घेत. प्राध्यापकी सोडून आलेला माणूस वकील-डॉक्टरांच्या सायकलीमागे सीट धरून धावत आहे, हे दृश्य गावातल्या लोकांना गमतीचे वाटले असणार. लक्ष्मणरावांना त्यात कमीपणा वाटला नाही. आपल्या प्रत्येक मोहल्ल्याच्या तोंडाशी एक सायकलचे दुकान असते. तेथे एखादा मुलगा पंक्चर काढीत बसलेला असतो. तो मुलगा उद्या कोण होईल हे आपण त्याच्या कपड्यांवरून ठरवतो, म्हणून हे लिहिले.

सायकल विकताना लक्ष्मणरावांची नजर दुसरीकडेच होती. बेळगावच्या आसपासचा मुलूख शेतीचा. शेतकऱ्याकडे जी औजारे होती ती आजोबा-पणजोबांच्या काळातली. लक्ष्मणरावांनी पहिल्याने केले ते कडबा कापण्याचे यंत्र. कडब्याच्या आख्ख्या पेंढ्या जनावरापुढे टाकल्या की ते पाने खाते आणि धाटे पायाखाली तुडवते. बारीक कापून घातल्यास वैरण वाया जात नाही. दुष्काळाच्या दिवसांत याचे मोल काय, हे कोरडवाहू भागातल्या वाचकांना सांगायला नको.

त्यानंतर आला लोखंडी नांगर, आणि लक्ष्मणरावांची खरी कसोटी लागली. लाकडी नांगर जमीन फाडतो, पण उलथत नाही. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा ही तणे खोल मुळ्या धरून बसतात. लाकडी नांगराने वरचे गवत मोडते आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटते. अशा जमिनी वर्षानुवर्षे पडीक राहत. लोखंडी नांगर खोल जातो आणि मातीचा थर पालथा करतो. मुळ्या वर येतात आणि उन्हाने मरतात. हे सारे लक्ष्मणरावांनी अमेरिकेतली शेतीची मासिके वाचून आणि विलायती नांगर पाहून समजावून घेतले होते. नांगर तयार झाले, पण घेणार कोण? शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंड जमिनीला लागले की तिच्यात विष भिनते आणि पीक जळते. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे! दुकानात माल पडून आहे, भट्टीचा खर्च चालू आहे, घरात बायकामुले आहेत आणि रोज गावातले शहाणे लोक येऊन विचारताहेत, काय किर्लोस्कर, खपला का नांगर?

येथे मला शेतकऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्याच्याकडे एकच जमिनीचा तुकडा आहे आणि एकच हंगाम आहे, तो नव्या वस्तूवर एकदम विश्वास कसा ठेवणार? नांगर फसला तर दुकानदाराचा माल परत येईल, शेतकऱ्याचे वर्ष परत येणार नाही. लक्ष्मणरावांनी हे ओळखले असावे. त्यांनी शेतकऱ्यांवर राग धरला नाही. नांगर सुधारला, झिजणारे भाग वेगळे काढून बदलता येतील असे केले आणि वाट पाहिली. एकाच्या शेतात हरळी मेलेली शेजाऱ्याने पाहिली की तो आपण होऊन येतो. माल पुढे खपला तो असा.

जरा कुठे जम बसतो आहे तोच बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा मोकळी करण्यास सांगितले. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीत होते. पोरेबाळे लहान, यंत्रे मांडलेली, कामगार हाताशी आलेले, आणि डोक्यावरचे छप्परच काढून घेण्याची नोटीस. या वेळी मदतीला धावले ते औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध हे सातारा भागातले छोटेसे संस्थान. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांची व त्यांची ओळख जुनी होती. संस्थानच्या बांधकामाचे एक कामही लक्ष्मणरावांकडे होते. बाळासाहेबांनी आपल्या संस्थानातील कुंडल गावाजवळची जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिले.

विद्यार्थ्यांना आपण सांगतो की मेहनत केली की सर्व काही मिळते. मी हे वाक्य वर्गात फारसे वापरीत नाही. लक्ष्मणरावांइतकीच मेहनत करणारे त्या काळी बेळगावात आणखीही लोक असतील. त्यांना दहा हजार रुपये देणारा राजा भेटला नाही, म्हणून त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. बिनव्याजी कर्जाने एक माणूस उभा राहतो आणि त्याच्यामागून शेकडो संसार उभे राहतात, हे समाजातील चार पैसेवाल्या मंडळींनी वाचावे म्हणून मी हा आकडा मुद्दाम दिला आहे. आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्ती-निधीची पेटी याच स्मरणिकेच्या प्रकाशन समारंभात ठेवलेली असते.

मार्च १९१० मध्ये किर्लोस्कर बंधू आपल्या कामगारांसह कुंडल रोड स्टेशनाजवळ उतरले. जागा बत्तीस एकर होती, पण होती कशी? सगळीकडे निवडुंग माजलेला, त्यात नाग-साप, पाण्याची टंचाई आणि शेतीला निरुपयोगी असा माळ. चांगली गोष्ट एकच, की पुण्याकडून मिरजेकडे जाणारी रेल्वे शेजारून जात होती. कच्चे लोखंड आणि कोळसा गाडीने यावा, तयार नांगर गाडीने जावेत. निवडुंग तोडीत तोडीत पहिल्या शेड उभ्या राहिल्या. राहती घरे, विहिरी, रस्ते यांचा बेत रामूअण्णांनी आखला आणि पुढेही या वसाहतीचा कारभार त्यांनीच पाहिला. लक्ष्मणरावांनी यंत्रे पाहायची आणि थोरल्या भावाने माणसांची बिऱ्हाडे पाहायची, अशी वाटणी होती.

लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई. थोरला मुलगा शंतनू तेव्हा पुरता सात वर्षांचाही झाला नव्हता. बेळगावसारखे गाव सोडून, जेथे दुकान नाही, शाळा नाही, शेजारपाजार नाही अशा माळावर लहान मुलांना घेऊन संसार मांडायचा होता. कामगारांच्या बायकांचीही तीच स्थिती. पुरुष दिवसभर भट्टीपाशी, आणि दारात मूल खेळत असेल तर त्याच्यावर नजर ठेवावी लागे ती सापांसाठी. कारखान्यांच्या इतिहासात बायकांची नावे क्वचित येतात. पण पहिल्या वर्षी या बायकांनी माहेरची वाट धरली असती तर किर्लोस्करवाडीचा माळ पुन्हा निवडुंगाच्या ताब्यात गेला असता, याबद्दल मला शंका नाही.

आता या वसाहतीत कोण कोण होते ते पाहा. शंभूराव जांभेकर हे कसलेही शास्त्रीय शिक्षण न घेतलेले इंजिनियर. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्रे जुळवण्यात कल्पक. आणि रात्री पहाऱ्याला कोण? तर दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेली माणसे. नातेवाइकांनी आणि हितचिंतकांनी लक्ष्मणरावांना वेड्यात काढले असेल. कारखान्याच्या किल्ल्या दरोडेखोरांच्या हाती! परंतु ती माणसे राखणदार म्हणून विश्वासू ठरली. ज्या माणसाला स्वतःच्या घरात एकदा वाया गेलेला समजले गेले, ज्याला चित्रकलेने नाकारले, बढतीच्या वेळी डावलले आणि गावाने जागा सोडायला लावली, तो दुसऱ्या कोणाला वाया गेलेला म्हणायला धजला नाही, एवढाच मी याचा अर्थ लावतो. दाखला मागून माणसे घेतली असती तर त्यांना स्वतःलाच तेथे नोकरी मिळाली नसती.

वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. हे १९१० नंतरच्या दशकातले आहे, हे लक्षात घ्या. लक्ष्मणराव स्वतः पोथीनिष्ठ घरातून आलेले, पण रूढी आणि मुहूर्त यांवर त्यांचा भरवसा नव्हता. विहिरीचे पाणी सगळ्यांचे, आणि भट्टीपुढे सगळ्यांना घाम सारखाच. जुन्या वळणाच्या लोकांना हे रुचणारे नव्हते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. बाहेरून येणारे बीड लोखंड, कोळसा, रंग यांची आवक आटली. कारखाना बंद पडायची पाळी. दगडी कोळशाऐवजी लोणारी कोळसा वापरून भट्ट्या चालू ठेवल्या. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या किल्ल्यांवर निकामी पडलेल्या जुन्या तोफा दिल्या, आणि त्या वितळवून नांगर झाले. इतिहासाच्या पुस्तकांत तोफांनी जिंकलेल्या लढायांची पाने भरलेली असतात. पन्हाळ्याच्या पायथ्याशी हरळी जिंकणाऱ्या या तोफांबद्दल मात्र परीक्षेत प्रश्न येत नाही! १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. भाऊ हे नाते कंपनीच्या नावातच राहिले.

या घरातील आणखी एका माणसाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. लक्ष्मणरावांचे दुसरे भाऊ डॉ. वासुदेवराव हे सोलापूरला डॉक्टरी करीत. त्यांचे चिरंजीव शंकरराव हे चित्रकला शिकलेले. चुलत्याला रंग कळत नव्हते आणि पुतण्या रंगांचा जाणकार. लक्ष्मणरावांनी त्याला वाडीला बोलावून जाहिरातीचे खाते सोपवले. शेतकऱ्याला वाचता येत नाही, पण चित्र कळते. लोखंडी नांगराची चित्रे गावोगाव गेली. १९२० साली शंकररावांनी कारखान्याचे एक लहानसे पत्रक काढले, किर्लोस्कर खबर. त्यातूनच पुढे किर्लोस्कर मासिक झाले, मग स्त्री आणि मनोहर ही मासिके निघाली आणि महाराष्ट्राच्या दोन पिढ्या ती वाचून वाढल्या. चित्रकार व्हायला निघालेल्या चुलत्याचे अपुरे राहिलेले काम पुतण्याने असे दुसऱ्या मार्गाने केले.

पालकांनी पुढची गोष्ट जरूर वाचावी. लक्ष्मणराव स्वतः पदवीशिवाय शिकले, पण त्यामुळे मुलांनाही शाळा कशाला हवी, असे त्यांनी कधी मानले नाही. आपल्याकडे पुष्कळ धंदेवाले वडील म्हणतात, मी कुठे शिकलो होतो, तरी दुकान चालवले ना? मग मुलाला आठवीतून काढून गल्ल्यावर बसवतात. लक्ष्मणरावांपाशी असे म्हणायला सगळ्यांपेक्षा अधिक आधार होता. त्यांनी शंतनूला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत यांत्रिक अभियांत्रिकी शिकायला पाठवले. १९२६ साली शंतनुराव पदवी घेऊन परतले. अंदाजाने, अनुभवाने आणि पुन्हापुन्हा चुकून शिकताना किती वर्षे जातात, हे बापाने भोगले होते. मुलाची ती वर्षे वाचावीत, हा हिशेब त्यात होता. आणि मुलगा परत आल्यावर त्याला काम करू दिले, हे पाठवण्याइतकेच महत्त्वाचे. शिकून आलेल्या मुलाला पाय ठेवायला जागा न देणारे वडील काही कमी नाहीत. १९२६ सालीच किर्लोस्करांचा पहिला सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. नांगर, उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र यांच्या जोडीला पंप आला आणि विहिरीवरची मोट हळूहळू मागे पडू लागली.

साऱ्याच खटपटी फळाला आल्या असे समजू नका. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. खेड्यातल्या बाईला घरी चालवता यावा, स्वस्त असावा, दुरुस्ती गावातच व्हावी आणि सूत भरपूर निघावे, अशा अटी होत्या. लक्ष्मणराव साठीला आले होते. त्यांनी कारखान्यात माणसे लावून खटपट केली आणि चरखा बनवून पाठवला. परीक्षक समितीने तो अटींत बसत नाही म्हणून नाकारला. बक्षीस मिळाले नाही, घातलेला पैसा आणि वेळ गेला. लक्ष्मणरावांनी ही गोष्ट मागे टाकली आणि कारखान्यात दुसरी कामे पुढे चालू राहिली.

चार मुलगे होते, शंतनुराव, राजाराम, प्रभाकर आणि रवींद्र. पुढच्या वर्षांत कामे वाटली गेली आणि गावेही. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे यंत्रे बनवणारी यंत्रे करण्याचा कारखाना निघाला, तो राजाराम यांनी सांभाळला. १९४६ साली बंगलोरला विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला, तो रवींद्र यांच्याकडे आला. त्याच साली पुण्यात शंतनुरावांनी ऑइल इंजिनांचा कारखाना उभा केला. एकाच दुकानात चार भाऊ बसले की काउंटरवरच भांडणे होतात. वडिलांच्या हयातीत प्रत्येकाला आपापला मुलूख मिळाला, ही गोष्ट धंदेवाल्या कुटुंबांनी बारकाईने पाहावी अशी आहे.

१९४८ सालच्या जानेवारी अखेरीस गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता, म्हणून पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि दुकानांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीलाही आग लावण्यात आली. ज्या माळावर निवडुंगाशिवाय काही नव्हते तेथे अडतीस वर्षांत उभे केलेले पुष्कळसे काही तासांत जळाले. ज्या शेतकऱ्यांसाठी नांगर केले, त्याच मुलखातला हा जमाव. गुन्हा एकाने करायचा आणि त्याच्या जातीच्या माणसाचे दुकान पेटायचे, या प्रकारावर मी येथे भाष्य करीत नाही. ज्यांची दुकाने कधी पेटली आहेत त्यांना ते नको आहे. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला, आणि तो दुसरीकडे हलवला गेला नाही. त्याच जागी, त्याच आसपासच्या गावांतल्या माणसांना घेऊन तो पुन्हा सुरू झाला. आयुष्यात तिसऱ्यांदा पहिल्यापासून मांडामांड करावी लागली, एकदा मुंबई सोडून बेळगावात, एकदा बेळगाव सोडून माळावर, आणि एकदा राखेत. पहिल्या दोन वेळी शेजारी रामूअण्णा होते. तिसऱ्या वेळी मुलगे होते.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी झाले. १९६९ साली जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. शंतनुरावांनी पुण्याच्या आपल्या बंगल्याला लकाकि असे नाव दिले. पुष्कळ लोकांना तो एखादा परभाषी शब्द वाटतो. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर या नावाची ती आद्याक्षरे आहेत. वाचकहो, त्यात काशिनाथपंतही आले, ज्यांना मुलाचे मुंबईला जाणे पसंत नव्हते.

सांगली, मिरज, कराड भागातील शाळांनी सहल काढायची झाल्यास किल्ल्यांच्या यादीत हे गावही घालावे. ते सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे. पुणे-मिरज मार्गावर गाडीतून जाताना खिडकीशी बसलेल्या मुलांना स्टेशनाची पाटी सहज वाचता येते. कुंडल रोड हे जुने नाव जाऊन तेथे किर्लोस्करवाडी असे लिहिलेले आहे.